हात काढा, मंग वाचा

वसमतला खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी माझ्या हातातली बॅग घेतली, दोनदा वरखाली केली आणि म्हणाले, "अकरा किलो. लई तर अकरा किलो शंभर. पुस्तकं हायत." मला असा राग आला म्हणता! अनोळखी माणसानं बाईमाणसाच्या बॅगेला हात लावायचा म्हणजे काय? मी फणकाऱ्यानं म्हटलं, "काका, खोलीचं बोला." तर म्हणाले, "काका न्हाई, चाचा. सारं वसमत चाचा म्हणतंय." आणि बॅग घेऊन जिना चढायला लागलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी ते नाहीत असं पाहून मी खाली त्यांच्या दुकानातल्या काट्यावर बॅग ठेवली. अकरा किलो साठ ग्रॅम भरली. माझा राग आणखीच वाढला.

चाचा काटे दुरुस्त करायचे. तराजू, वजनकाटे, सोनाराचे नाजूक काटे, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हळदीची पोती तोलायचे दांडगे काटे, सगळे. घराच्या खालच्या मजल्यावर दुकान, मधल्या मजल्यावर ते आणि चाची, वर गच्चीला लागून माझी खोली. मी हायस्कुलात गणित शिकवायला आले होते. गाव माझं साखरा, म्हणजे फार लांबचं नाही, पण बदली म्हटली की वीस कोससुद्धा परमुलूख वाटतो.

त्यांचं एक वाक्य होतं. दिवसातून पन्नास वेळा तरी यायचं. "हात काढा, मंग वाचा." काट्यावर माल ठेवला की माणसाचा हात पारड्यावर रेंगाळतो. कुणाचा मुद्दाम, कुणाचा सवयीनं. चाचांना ते बघवायचं नाही. भाजीवालीला म्हणायचे, कोंबडीवाल्याला म्हणायचे. एकदा अंगणवाडीत लेकरांची वजनं चालली होती तर हे रस्त्यावरून खिडकीत डोकं घालून ओरडले, "ओ ताई, लेकराला धरू नका! हात काढा, मंग वाचा!" ते लेकरू दचकून असं रडायला लागलं की अंगणवाडीच्या ताईंनी पुढं आठवडाभर चाचांशी बोलणं टाकलं.

बसायचे म्हणून नाहीत. मी दोन वर्षं त्या घरात राहिले आणि चाचांना बसलेलं पाहिलं नाही. जेवायचे उभ्यानं, ताट कपाटावर ठेवून. चहा प्यायचे येरझाऱ्या घालत. चाची पायांनी अधू, त्या पलंगावर बसून म्हणायच्या, "अहो, जरा टेका की! तुमच्याकडं पाहून पाहून माझेच पाय दुखून राहिले." उजवा हात सतत सदऱ्याच्या खिशात. त्या खिशात दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन असायचं आणि मूठ त्या वजनावर आवळलेली.

का, ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. त्यांचा उजवा हात थरथरायचा. गंमत अशी, की हात कामाला लागला, पान्ह्यानं स्क्रू आवळायला लागला की बराचसा थांबायचा. रिकामा राहिला की पुन्हा सुरू. म्हणून तो हात ते रिकामा राहूच द्यायचे नाहीत. चाचींनी दवाखान्याचं नाव काढलं की चाचा घराबाहेर. आणि गल्लीतले लोकही भले, कुणी तोंडावर बोलायचं नाही. मीही बोलले नाही. वर्गात पोरांना फाडकन बोलणारी मी, पण इथं माझी जीभ उचलायची नाही.

आता दुर्बिणीचं सांगते. पहिल्या पगारात हौसेनं मागवलेली एक छोटी दुर्बीण माझ्याकडं होती. बारकी, स्वस्तातली, आत तळाशी आरसा असलेली. तिचे तीन पाय म्हणजे नुसत्या काड्या. चार वेळा चंद्र पाहिला आणि मग ती पलंगाखाली गेली. चाचा एकदा गळका नळ पाहायला वर आले, वाकले आणि नळी दिसली. झालं. आधी उचलून पाहिली, "नळी अन् पाय मिळून दोन किलो तीनशे," आणि मग विचारलं, "हिच्यातून दिसतंय काय?"

पाऊस उघडला होता, आभाळ धुतलेलं होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी गच्चीवरून त्यांना शनी दाखवला. एवढासा, मुगाच्या दाण्याएवढा. चाचांनी डोळा लावला आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून वजनाचा आकडा आला नाही.

"म्याडम, कडं हाय त्याला."

"हो."

"अन् कडं शिवून न्हाई राहिलं. मधी फट हाय!"

"हो, आहे फट."

"मंग धरलंय कशानं?"

मी म्हटलं, "कशानंच नाही धरलेलं. आपापलं फिरतं."

चाचा गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. "चाळीस वर्षं झाली काटे तोलून राहिलो. असा तोल न्हाई पाहिला. कशाला कशाचा हात लागलेला न्हाई, अन् तोल बराबर!" त्या दिवशी चाचींना ही फट त्यांनी किती वेळा सांगितली असेल! चाचींना जिना चढवत नव्हता. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक तुमची फट. फोटो आणून दाखवा."

मग फोटोचं वेड सुरू झालं. पहिला फोटो चाचांनी मोबाइल दुर्बिणीच्या भिंगाला रबरानं बांधून काढला आणि तो पुण्याच्या लेकाला पाठवला. लेक कंप्युटरच्या कंपनीत. त्यानं लगेच फोन केला, चाचांनी स्पीकरवर टाकला, म्हणून सगळं आम्ही ऐकलं.

"अब्बा, हा शनी हाय का बोटानं पुसलेला पिवळा डाग?"

"दुर्बीण हलली."

"दुर्बीण न्हाई हलली, अब्बा. तुमचा हात हलून राहिला." जरा थांबून तो म्हणाला, "किती दिवस सांगून राहिलो, दुकान बंद करा. दवाखाना करू, अम्मीला अन् तुमाला इकडं आणतो. असल्या हातानं काटे काहून दुरुस्त करून राहिले तुमी?"

चाचांचा चेहरा मी पाहिला. माणसाच्या आयुष्यभराच्या धंद्यावर पोटच्या पोरानं असं बोट ठेवावं! ते एवढंच म्हणाले, "कडं वेगळं, गोळा वेगळा, मधी फट, असा फोटो माझ्या हातानं काढला तर?"

"तर पुन्हा दुकानाचं नाव काढणार न्हाई. दिवाळीच्या सुट्टीत येतोय मी. न्हाई निघाला तर मात्र माझ्यासंगं चलायचं."

"कबूल," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझं दार वाजलं. चाचांनी रात्रभर विचार करून निदान केलं होतं. "म्याडम, दुर्बिणीला पासंग हाय." पारडी रिकामी असताना काटा एका अंगाला कलला तर त्या खोटीला ते पासंग म्हणत. त्यांचं म्हणणं, मोबाइल एकशेनव्वद ग्रॅमचा. तो नळीच्या तोंडाशी लोंबला की त्या काडीच्या पायांना पेलत नाही, म्हणून सारं थरथरतं. तर वजन काढायचं. जितकं निघेल तितकं काढायचं. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? जगातल्या सगळ्या तक्रारी त्यांच्या मते वजनाच्याच होत्या.

एक सांगते, माणूस अडाणी नव्हता. ऑनलाइन वर्गासाठी मी एक वेबकॅम घेतला होता, तो त्यांनी मागून नेला आणि सोलून काढला. वरचं प्लास्टिक गेलं, पाय गेले, पुढचं भिंग गेलं. उरली रुपयाएवढी चकती आणि वायर. ती चकती त्यांनी जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या काळ्या डबीत बसवली आणि डबी दुर्बिणीच्या तोंडात घातली. अगदी फिट्ट. "एकशेनव्वदच्या जागी बेचाळीस ग्रॅम," असं त्यांनी दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं. वायर माझ्या लॅपटॉपला. आता डोळा लावायची गरज नाही, शनी सरळ पडद्यावर. मला खरंच कौतुक वाटलं.

पण पडद्यावर नुसता धुरकट गोळा. किती फिरवलं तरी स्पष्ट होईना. आरशावरून आलेला उजेड चकतीच्या अलीकडंच एकवटत होता, तिच्यापर्यंत पोचत नव्हता. मी वहीवर आकृती काढून समजावलं, की आरसा दोन बोटं पुढं यायला पाहिजे. समजावलं आणि शाळेत गेले. ही माझी चूक.

संध्याकाळी परत आले तर माझी दुर्बीण दुकानात शिकंज्यात आवळलेली आणि खाली दोन बोटं रुंदीचं तिचं कडं कापून पडलेलं!

"चाचा! कापली? माझी दुर्बीण कापली तुम्ही?"

"तूच म्हणाली ना, आरसा पुढं पायजे."

"मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असती."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चाची वर डबा पाठवायच्या आणि खालून ओरडायच्या, "बेटी, जेव गं! त्या माणसावर रुसून तुझंच पोट उपाशी राहील!" तिसऱ्या दिवशी चाचा ते कापलेलं कडं घेऊन आले आणि माझ्यासमोर धरलं. "शिव्या मागून दे. आधी हे बघ. काप कसाय?" मी पाहिलं. काप सरळ होता. पट्टी लावून पाहिली तरी सरळ. करवत चालताना हात एकदाही डगमगला नव्हता. "आता सांग, हात थरथरतोय का दुर्बीण?" ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता, की मी गपचूप म्हटलं, "छान कापलंय."

आणि मग वजन काढणं थांबेचना. नेम धरायची बाजूची छोटी दुर्बीण काढली. लोखंडी स्क्रूच्या जागी ॲल्युमिनियमचे घातले. आरशाच्या मागच्या पत्र्याला भोकं पाडली. भिंतीवर आकडे खाली खाली उतरत गेले. मोंढ्यातून काटा घेऊन आलेल्या माणसाला आधी दुर्बिणीची खबर ऐकावी लागायची, मग काट्याचं बोलायचं. दुर्बीण इतकी हलकी झाली की वाऱ्यानं डोलायला लागली. चाची म्हणाल्या, "आता दोरी बांधा तिला. न्हाईतर पतंगावानी जाईल."

एकदा गल्लीतली माणसं आली, उद्या नव्या महिन्याचा चाँद दिसतो का ते दुर्बिणीतून पाहा म्हणाली. चाचांनी साफ नकार दिला. "तो डोळ्यानं पाहायचा. सगळ्यांनी मिळून. त्यात माझी दुर्बीण नगं." आणि स्वतः गच्चीवर सगळ्यांच्या आधी जाऊन उभे. हात खिशात.

फोटो मात्र येत नव्हता. रोज संध्याकाळी सात ते आठ आमचा तोच खेळ. शनी पडद्यावर यायचा आणि हळूहळू एका कडेला सरकायला लागायचा, कारण पृथ्वी फिरते आणि आमच्या दुर्बिणीला मोटर नव्हती. तो निसटू नये म्हणून चाचा नळी वळवायचं बाजूचं चाक हातानं धरून फिरवत राहायचे. करवत रपारप चालते, तेव्हा हात ठीक. पण या चाकाला केसभर फिरवून थांबायचं, पुन्हा केसभर फिरवून थांबायचं. त्या थांबण्यातच सगळा घोळ होता. पडद्यावर शनी असा नाचायचा की कडं आणि गोळा एक होऊन जायचे.

"अजून कुठंतरी चाळीस ग्रॅम जास्तीचे हायत," चाचा म्हणायचे.

मी म्हणायचे, "असतील."

किती भेकड होते मी! आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते.

दिवाळीला दहा दिवस राहिले असताना हट्टा गावचा एक किराणावाला काटा परत घेऊन आला. जुनं गिऱ्हाईक, मोठ्या अदबीचं. "चाचा, जरासा पासंग राहिला वाटतं," म्हणाला. चाचांनी पारडी रिकामी केली, हात काढला आणि वाचलं. काटा खरंच डावीकडं होता. तो काटा त्यांनी तीनदा सोडवला आणि तीनदा जोडला. तो माणूस गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या दुकानातून पासंग घेऊन काटा गेला. म्याडम, चाळीस वर्षांत पहिल्यांदा." त्या दिवशी ते जेवले नाहीत. उभ्यानंसुद्धा नाही.

तरी गच्चीवर सातला हजर. आता तर चेव आल्यासारखे. तीन दिवस राहिले, मग दोन. लेकाचा निरोप आला, परवा सकाळी पोचतो म्हणून. त्या संध्याकाळी वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. असा दिवस पुन्हा मिळायचा नाही. आणि पडद्यावर शनी नाचतोय. चाचा चाकाला चिकटलेले, कपाळावर घाम, आणि तोंडानं, "थांब रे, थांब की जरा," असं शनीला म्हणतायत. मी लॅपटॉपसमोर बसले होते. मला एकदम सहन होईना. भर वर्गात ओरडते तशी मी ओरडले.

"चाचा, हात काढा!"

ते थबकले. माझ्याकडं बघतच राहिले. खाली चाचींच्या हातातलं भांडं वाजायचं बंद झालं, इतका माझा आवाज मोठा होता.

आता निघालंच होतं तोंडातून. मी म्हटलं, "साऱ्या वसमतला सांगता ना? हात काढा, मंग वाचा. मग तुम्ही काहून काढत नाही?"

"हात काढला तर तो पळून जाईल."

"जाऊ द्या. त्याला आधी कडेला आणून ठेवा आणि सोडून द्या. तो आपापला येईल, मधून जाईल. मिनिटभर पुरे आहे."

चाचांनी बाहीनं घाम पुसला. मग चाक फिरवून त्यांनी शनी पडद्याच्या पार बाहेर नेला आणि हात सोडला. हात हवेत राहिला, थरथरत. खिशातसुद्धा घातला नाही त्यांनी. दुर्बीण दोनचार श्वास डोलली आणि निवली. पडद्याच्या कडेनं शनी आत आला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. सावकाश, सरळ, ओळ आखल्यासारखा मधून गेला. कडं वेगळं, गोळा वेगळा. दोन्ही अंगांना काळी फट.

"दिसली," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते सांगता यायचं नाही.

"व्हय," चाचा म्हणाले. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा सोडला. सात वेळा तो मधून गेला. मग मी लॅपटॉपवर टिपलेल्या चलचित्रातली चांगली चांगली चित्रं निवडून एकावर एक बसवली आणि एक फोटो तयार केला. चाचींनी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन पाहिला, फटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "खरंच हाय की वो!" लेकाला पाठवला. पाच मिनिटांत फोन. "मान गये, अब्बा! तुमी जिंकले. चालवा दुकान, मी काय बोलत न्हाई." चाचांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मला वाटलं, सुटलो. सकाळी खाली आले तर दुकानाचं शटर अर्धंच वर आणि चाचा आत, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या आकड्यांसमोर उभे.

"काय चाचा, जिंकलात की!"

"म्याडम, सहाशेचाळीस ग्रॅम काढले मी त्या दुर्बिणीतून." त्यांनी आकड्यांवर बोट फिरवलं. "बिचारीचा काय कसूर होता?"

मी वरपासून खालपर्यंत ते आकडे वाचले.

"फोटो माझ्या हातानं न्हाई निघाला. हात काढल्यावर निघाला," ते म्हणाले. "नांदेडला डॉक्टर हाय म्हणतात, नसांचा. तुला सुट्टी हाय ना? चाचीला धरायला कुणीतरी लागंल."

लेक यायच्या आधीच आम्ही गेलो, त्याच दिवशी, जीप करून. दवाखान्यात आमचा नंबर लागेपर्यंत चाचा त्या व्हरांड्यात मैलभर तरी चालले असतील. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बसा." आणि चाचा बसले. मी चाचींकडं पाहिलं, चाचींनी माझ्याकडं.

"काय त्रास होतोय?"

चाचांनी खिशातून उजवी मूठ काढली, उघडली आणि ते दोनशे ग्रॅमचं वजन चाचींच्या पदरात ठेवलं. मग रिकामा हात टेबलावर ठेवला. तो थरथरायला लागला. टेबलावरच्या काचेवर नखं वाजायला लागली.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन वर्षं, चार महिने," चाचा म्हणाले. "बराबर."

"अन् मला काय सांगून राहिले होते?" चाचींनी कपाळाला हात लावला. "म्हणे दुर्बीण हलतीय!"

डॉक्टर हसले आणि तपासायला म्हणून पुढं वाकून त्यांनी चाचांचं मनगट धरलं. चाचांनी मान हलवली.

"हात काढा, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "मंग वाचा."

डॉक्टरांनी हात काढला.